दोन किलोंचा फरक

"बाई, तुमचं वजन किती?"

सात-सी नंबरच्या आसनावरच्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारला तेव्हा विमान अजून वर चढत होतं, आणि ज्या बाईंना विचारला त्या नाश्त्याची भरलेली ट्रॉली पोटाशी अडवून उभ्या होत्या. विमानात हवाईसुंदरीला लोक काय काय विचारतात याची मला सतरा वर्षांची सवय होती. लग्न झालंय का, मासे कुठले खाता, वैमानिकाला डोकं शांत ठेवायला काय देता, सगळं ऐकलं होतं. पण वजन कुणी विचारलं नव्हतं. ते विचारण्याचा अधिकार फक्त कंपनीकडे होता.

मी त्या विमानाचा पर्सर होतो, म्हणजे आत वावरणाऱ्या आम्हा चौघा कर्मचाऱ्यांचा मुकादम. ट्रॉली माझ्याच हातून सुटली होती. तिच्या चाकांना अडवणारी कडी ढिली असल्याचं मी दुरुस्तीच्या वहीत तीन वेळा लिहिलं होतं. तिन्ही वेळा खाली उत्तर आलं होतं, 'पाहिले. समाधानकारक.' कुणाचं समाधान झालं ते लिहिलं नव्हतं. त्या दिवशी नागपूरच्या धुक्यामुळे आम्हाला मुंबईतच तीन तास उशीर झालेला, तो भरून काढायचा म्हणून कॅप्टनने चढ संपायच्या आत नाश्ता वाटायला सांगितलं. मी पुढच्या पॅन्ट्रीतून ट्रॉली बाहेर ओढली, कडी निसटली, आणि ट्रॉली उतारावरून निघाली ती शेपटाच्या दिशेने.

सात-सी मधल्या गृहस्थांचा डावा गुडघा वाटेत होता. त्यात त्यांचा दोष नव्हता. ते सहा फूट उंच होते, आणि कंपनीने त्या वर्षी दोन ओळींमधलं अंतर दीड इंचाने कमी केलं होतं. त्यामुळे विमानात एक ओळ वाढली. प्रवाशांचे गुडघे मात्र होते तेवढेच राहिले.

आमच्या चौघांतली फिलू आठव्या ओळीपाशी एका बाळाचा पट्टा बांधत होती. तिने मान वर केली, एक पाऊल पुढे टाकलं, पाय रोवले आणि ट्रॉली अंगावर घेतली. धाडकन आवाज झाला. ट्रॉली थांबली. गुडघ्यात आणि ट्रॉलीत चार बोटांचं अंतर उरलं.

आणि त्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, तुमचं वजन किती?"

फिलूने मोकळं, कंपनीने ठरवून दिलेल्या रुंदीचं हसू चेहऱ्यावर आणलं आणि म्हणाली, "बासष्ट किलो आठशे ग्रॅम. तुम्हाला चहा की कॉफी?"

"चहा. नाही, गैरसमज नका करून घेऊ. ही ट्रॉली भरलेली ऐंशी किलोच्या खाली नाही. चढाचा कोन धरा, वेग धरा. पन्नास किलोची कुणी पोरगी असती ना बाप्पा, तर ट्रॉली तिला घेऊन थेट संडासापर्यंत गेली असती. मी हिशेब करून पाहत होतो."

"मग जमला का हिशेब?"

"जमला. तुमचं वजन बरोबर आहे."

फिलूचं हसू तेव्हा ठरवून दिलेल्या रुंदीच्या बाहेर गेलं. "हे तुम्ही आमच्या कंपनीला सांगा," ती म्हणाली, आणि ट्रॉली माझ्या अंगावर ढकलून बाळाच्या पट्ट्याकडे परतली.

फिलू म्हणजे फिलोमिना तुस्कानो, वसईची. आम्ही दोघं बहात्तर साली एकाच तुकडीत नोकरीला लागलो. गोष्ट एकोणनव्वदच्या जानेवारीतली, तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तिचा नवरा बेंजामिन केळीची वाडी बघायचा, आणि बायको रोज आकाशात जाऊन परत येते याचं त्याला पहिल्या दिवसाइतकंच आश्चर्य वाटायचं. आणि फिलूला उडायचं होतं. दुसरं काही करण्यात तिला रसच नव्हता. "वर गेलं की टिप्या," ती मला म्हणायची, "वसईच्या सगळ्या भांडणांचा एवढा एवढा ठिपका होतो."

पण आमच्या कंपनीत वर्षातून चार वेळा वजनं होत. वजनाचे दिवस कंपनीने सर्वधर्मसमभावाने ठरवले होते: एक दिवाळीनंतर, एक नाताळानंतर, एक ईदेनंतर आणि एक आंब्यांनंतर. उंचीप्रमाणे प्रत्येकाची मर्यादा. लागोपाठ तीन वेळा मर्यादा ओलांडली की हवाई काम बंद, उरलेली नोकरी विमानतळाच्या तळघरातल्या गणवेश भांडारात, बटणं मोजत. वर्षभरात आमच्या तीन मुली तिथे गेल्या होत्या. फिलूची मर्यादा एकसष्ट किलो. आंब्यांनंतर ती नापास झाली, दिवाळीनंतर बासष्ट आठशे भरून नापास झाली, आणि नाताळानंतरचं वजन दोन दिवसांवर, सोमवारी सकाळी दहाला होतं. नाताळात वसईत राहून, सासूच्या हातच्या करंजीसारख्या नेवऱ्या समोर असताना वजन उतरवणं हे माणसाचं काम नाही. तिने केला होता तेवढा प्रयत्न पुष्कळ होता. आठवडाभर ती उकडलेला दुधी खात होती आणि दुधीबद्दल असं काही बोलत होती की ते मला इथे लिहिता येणार नाही.

मला स्वतःला वजनाची चिंता नव्हती. त्र्याऐंशी साली मीही दोनदा नापास होऊन तळघराच्या दारापर्यंत जाऊन आलो होतो. मग रोज पहाटे बारा सूर्यनमस्कार सुरू केले, तिसऱ्या वेळी अर्धा किलो राखून पास झालो, आणि त्यानंतर एकदाही मर्यादा ओलांडली नाही. ह्या गोष्टीचा मला अभिमान होता. तो मी लोकांपासून लपवून ठेवत नसे.

नाश्ता वाटून झाल्यावर फिलू पॅन्ट्रीत आली. पर्समधून एक पंचवीस पैशांचं नाणं काढलं, ट्रॉलीच्या कडीचा स्क्रू त्या नाण्याने कसला, आणि ट्रॉली हलवून पाहिली. वर्षानुवर्षं ते एकच नाणं तिच्या पर्समध्ये असायचं. ती ते खर्च करत नसे. विमानातली निम्मी दुरुस्ती त्या नाण्यावर चाले.

"आता बघ," ती म्हणाली. "समाधानकारक."

"फिलू, काही खाल्लंस का?"

"सकाळी तीनला उठले. पाचला गाडी आली. सहापासून नऊपर्यंत दीडशे माणसांना 'धुकं आहे' हे दीडशे वेळा सांगितलं. एकाने विचारलं, 'धुकं किती वाजता उतरणार ते रेडिओवरून विचारा ना.' आता सोमवारपर्यंत खाणार नाही म्हटलं तर उलट सोपं वाटतंय."

त्या तीन तासांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमची कामाची वेळ चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंत मोजली जाई. विमान धुक्यासाठी उभं असताना आम्ही पाणी देत होतो, शिव्या घेत होतो, एका आजोबांना तीन वेळा मागच्या बाजूला नेऊन आणलं होतं. पण कंपनीच्या लेखी त्या तीन तासांत आम्ही कामावर नव्हतो. फक्त काम करत होतो.

"अडीच ग्रॅम," पडद्यापाशी आवाज आला.

सात-सी मधले गृहस्थ रिकामा कप घेऊन उभे होते. त्यांची नजर फिलूच्या हातातल्या नाण्यावर होती.

"पंचवीस पैशांचं नाणं. अडीच ग्रॅम. आणि तुमच्या साखरेच्या पुडीवर पाच ग्रॅम लिहिलंय, हाताला साडेचारची वाटली. माझं नाव काकपुरे. वजनमापे निरीक्षक, अंधेरी विभाग. पुतणीच्या लग्नाला नागपूरला चाललोय, पहिल्यांदाच विमानात बसलो. सामान मोजायच्या काट्यावर शिक्का आहे, तो मी पाहिला. त्याबद्दल अभिनंदन."

"आभारी आहोत," मी म्हटलं.

"बाईंनी मघाशी म्हटलं, कंपनीला सांगा. ते काय प्रकरण आहे?"

"काही नाही, साहेब," फिलू घाईने म्हणाली. "गंमत केली."

गप्प बसायची ती वेळ होती. पण मला लोकांची मदत करायची खोड आहे. मी त्यांना सगळं सांगितलं: मर्यादा, तीन संधी, तळघर, सोमवार सकाळ दहा. काकपुरे कप हातात धरून ऐकत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या त्या यंत्रावर शिक्का आहे का?"

"कसला शिक्का?"

"आमचा. दर वर्षी तपासून मारतो तो. कोपऱ्यावरचा भाजीवाला वजनं घेऊन आमच्या हापिसात येऊन रांगेत बसतो, शिक्का मारून घेतो. शिक्का नसलेल्या वजनाने त्याने पावशेर मिरच्या विकल्या तर मी त्याच्यावर खटला भरतो. तुमची कंपनी शिक्का नसलेल्या यंत्रावर माणसाची भाकरी तोलते का?"

"आमच्या यंत्रावर फक्त एक स्टिकर आहे," मी म्हणालो. "गेल्या नाताळातला. सांताक्लॉजचा."

"हाव का," काकपुरे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत एक शांत आनंद पसरला. बिबट्याला गलेलठ्ठ बोकड दिसल्यावर तसा आनंद होत असावा. "विमानतळ माझ्याच विभागात येतो."

"नको हो साहेब," फिलू म्हणाली. "यंत्र चांगलं आहे. इतकी वर्षं वापरतोय. तुम्ही लग्नाला चाललात, कशाला त्रास घेता."

"लग्न उद्या दुपारी. संध्याकाळच्या विमानाने मी परत. त्रास कसला, हे माझं काम आहे. तुम्ही माझा गुडघा वाचवला म्हणून येतोय असं समजू नका. गुडघा मोडला असता तरी आलो असतो. कुबड्या घेऊन."

ते जागेवर गेल्यावर फिलूने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"टिप्या," ती म्हणाली, "तू फार चांगला माणूस आहेस. तुला गप्प बसता येत नाही का?"

मला वाटलं, उपाशी आहे म्हणून चिडली. मी तिच्यासाठी एक सँडविच बाजूला ठेवलं. तिने ते खाल्लं नाही.

सोमवारी वजनाच्या खोलीबाहेर नेहमीसारखी वेशभूषा उलटी चालली होती. एरवी मुली विमानात जाण्याआधी दागिने घालतात, इथे उतरवत होत्या. एका ताटात बांगड्या, घड्याळं, कानातली आणि केसांचे आकडे यांचा ढीग झाला होता. एकीने आदल्या दिवशी केस कापून टाकले होते. एक कालपासून पाणी प्यायली नव्हती आणि भिंतीला टेकून उभी होती. पुरुषांमध्ये बूट काढायची पद्धत होती. मी मोजेही काढत असे, पण ते केवळ शिस्त म्हणून.

आत टेबलाशी ग्रूमिंग ऑफिसर हेबळेकर बसले होते. आमची नखं, लिपस्टिकचा रंग, निऱ्यांची रुंदी आणि वजन यांचा हिशेब त्यांच्याकडे होता. ते स्वतः ब्याण्णव किलोंचे असावेत. पण ते जमिनीवरचे कर्मचारी, आणि जमिनीला मर्यादा नव्हती. वाईट माणूस नव्हता. नियम आपण केला नाही, पण आपल्या हातून मोडला जाऊ नये, एवढीच त्याची धडपड.

यंत्र कोपऱ्यात होतं. उभं, पांढऱ्या रंगाचं, वर भिंतीवरच्या घड्याळाएवढी तबकडी, आणि शून्यावर टेकलेला लाल काटा.

फिलू रांगेत सातवी होती. हातात जपमाळ. मी शेजारी उभा राहून तिला धीर देत होतो.

"येईल काकपुरे. शब्दाचा पक्का वाटला."

"तेच मागतेय मी मेरीमाउलीकडे," फिलू पुटपुटली, "त्याचं कालचं विमान चुकलेलं असू दे."

"अगं, तो तुझ्या बाजूने आहे."

"टिप्या, जप करताना मध्ये बोलू नये."

तिचं नाव पुकारलं गेलं. तिने चपला काढल्या, जपमाळ माझ्या हातात दिली, आणि यंत्राच्या पाटावर उजवा पाय ठेवला.

"थांबा," दारातून आवाज आला.

काकपुरे आले होते. अंगात लग्नाचाच कोट, कपाळावर अक्षतेचा एक दाणा चिकटून राहिलेला. मागे विमानतळाचे दोन हमाल होते आणि त्यांच्या हातात लोखंडी कड्यांची काळी वजनं, वीस वीस किलोंची.

"वजनमापे निरीक्षक," त्यांनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं. "या यंत्राची तपासणी करायची आहे. बाई, पाय खाली घ्या."

फिलूने पाय खाली घेतला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मला वाटलं, सुटकेने.

"पण साहेब," हेबळेकर उभे राहिले, "हे काही दुकान नाही. आम्ही इथे काही विकत नाही."

"वजन पाहून तुम्ही माणसाला वर ठेवता किंवा खाली पाठवता. माझ्या खात्याच्या दृष्टीने व्यवहार झाला. शेवटची तपासणी कधी केलीत?"

हेबळेकरांनी यंत्राकडे पाहिलं. तिथे त्यांना सांताक्लॉज दिसला. "ते... भांडार विभागाकडे असेल त्याची नोंद. मी फोन करून विचारतो." आणि ते पाठ फिरवून फोनशी झुंजायला लागले. आमच्या कंपनीत भांडार विभागाला फोन लागणं हा एक स्वतंत्र प्रवास होता.

काकपुऱ्यांनी कोट काढून खुर्चीला लावला. खिशातून एक किलोचं पितळी वजन काढलं आणि पाटावर ठेवलं. काटा हलला नाही. "हां," ते म्हणाले. यंत्राच्या मागे जाऊन वाकून काही तरी बराच वेळ पाहिलं. मग हमालांकडून वीस किलोंची तीन वजनं एकावर एक ठेवून घेतली. फिलू दाराशी भिंतीला चिकटून उभी होती. मी काकपुऱ्यांच्या मागेच होतो, पण तबकडीकडे पाहायचा मला धीर झाला नाही. मी डोळे मिटून घेतले.

"दोन किलोंचा फरक," काकपुरे म्हणाले.

हेबळेकरांच्या हातातून फोन खाली आला.

"दोन? पूर्ण दोन किलो?"

"पूर्ण दोन. यंत्र सदोष आहे. मी ते सीलबंद करतो. हा अहवाल, एक प्रत तुम्हाला, एक मला. इथे सही करा."

हेबळेकरांनी सही केली, पण त्यांची नजर कागदावर नव्हती. ते मनात बेरजा-वजाबाक्या करत असलेले दिसत होते. "म्हणजे ती नाडकर्णी," ते हळूच म्हणाले, "दीड किलोने गेली होती. आणि ती फर्नांडिस एक किलो दोनशेने. आणि ती सरदारीण... टिपणीस, हे बाहेर बोलू नका हं. कोर्टात गेल्या तर माझी उरलेली नोकरी तिथेच जाईल."

"मी कशाला बोलतोय," मी म्हटलं. फिलू माझ्याकडे पाहत होती.

"मिसेस तुस्कानो," हेबळेकर म्हणाले, "तुमच्या आधीच्या दोन नोंदी रद्द समजा. आणि त्या तिघींना मी आजच वर... म्हणजे परत घेतो. बोलू नका फक्त."

काकपुऱ्यांनी यंत्राच्या काट्यावरून तार नेली, गाठीवर शिशाचं सील दाबलं, आणि सांताक्लॉजच्या शेजारी सरकारी कागद डकवला. बाहेर मुलींनी ताटातले आकडे एकमेकींच्या केसांत लावायला सुरुवात केली होती. पाणी न प्यायलेली मुलगी जगच तोंडाला लावून पीत होती.

मी काकपुऱ्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो. माझ्या पायांना पंख फुटले होते.

"काकपुरेसाहेब, त्या यंत्राने किती जणींचं वाटोळं केलं हो. दोन किलो जास्त दाखवत होतं आणि कुणाला पत्ता नाही."

काकपुरे थांबले. "जास्त? टिपणीस, तुम्ही तर माझ्या मागेच उभे होता."

"डोळे मिटले होते."

"साठ किलो ठेवले तर अठ्ठावन्न दाखवत होतं. यंत्र दोन किलो *कमी* दाखवतंय. काटा शून्यावर टेकलेला दिसतो ना, तो खरा खिळ्याला टेकून आराम करतोय. पहिले दोन किलो त्याला कळतच नाहीत."

मी टॅक्सीचं दार धरलं. "म्हणजे फिलू खरी..."

"चौसष्ट किलो आठशे. तरीच ट्रॉली थांबली. बासष्ट आठशेने माझा हिशेब जमत होता, पण काठावर."

"पण तुम्ही हेबळेकरांना सांगितलं नाहीत."

"विचारलं कुठे त्यांनी? अहवालात शेऱ्याच्या रकान्यात स्पष्ट लिहिलंय, 'यंत्र दोन किलो कमी दर्शवते.' प्रत त्यांच्या टेबलावर आहे, सहीसकट. वाचली की कळेल." ते टॅक्सीत बसले. "सव्वीस वर्षं अहवाल लिहितोय, टिपणीस. शेरा वाचणारा माणूस अजून भेटायचा आहे. भेटला तर पाया पडेन."

"साहेब, मी त्र्याऐंशीपासून याच यंत्रावर पास होतोय. साडेत्र्याहत्तर, मर्यादा चौऱ्याहत्तर. रोज बारा सूर्यनमस्कार घालतो."

"दोन मिळवा," काकपुरे सहानुभूतीने म्हणाले. मग काच खाली करता करता म्हणाले, "आणि एक. यंत्र आपलं आपण म्हातारं झालं तर अकराशे ग्रॅमने चुकतं, सतराशेने चुकतं. इतकं गोळीबंद दोन किलोंनी चुकत नाही." ते माझ्याकडे जरा पाहत राहिले. मला वाटलं, एकूण जीवनाबद्दल बोलताहेत. टॅक्सी गेली.

हेबळेकरांनी अहवाल फाइलीला लावला. फाइल कपाटात गेली. नव्या यंत्राची मागणी तीन दरपत्रकांसह वर गेली, त्रुटी दाखवून खाली आली, परत वर गेली. चौदा महिन्यांनी यंत्र आलं तोवर नियमच बदलला होता: वयाप्रमाणे मर्यादा वाढली होती, आणि बेचाळीस वर्षांच्या बाईने बावीस वर्षांच्या मुलीइतकं दिसायला हवं ही अट बहुधा कुणा तरी वरिष्ठाच्या बायकोने वाचली होती. फिलू त्या तपासणीनंतर अकरा वर्षं उडत राहिली. मी सूर्यनमस्कार त्या सोमवारपासून बंद केले. वजनात काही फरक पडला नाही.

खरी गोष्ट मी तिला सांगितली नाही. म्हटलं, कशाला, तिच्या मनात राहू दे की यंत्र खोटं होतं आणि ती खरी. चांगल्या माणसाजवळ असं एखादं समाधान असावं. अकरा वर्षं गप्प बसलो, आणि ज्यांनी मला ओळखलंय त्यांना हे किती अवघड गेलं असेल ते कळेल.

फिलू निवृत्त झाली तेव्हा तिने वसईला घरी जेवायला बोलावलं. केळीच्या वाडीत टेबलं मांडली होती. बेंजामिन प्रत्येक पाहुण्याला सांगत होता, "आता ही रोज जमिनीवर." जेवण झालं, पाहुणे पांगले, फिलूने माझ्यापुढे नेवऱ्यांचं ताट ठेवलं आणि समोर बसली. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही.

"फिलू, अकरा वर्षं एक गोष्ट पोटात ठेवलीय."

"तू? पोटात?"

"ते यंत्र जास्त नव्हतं दाखवत. दोन किलो कमी दाखवत होतं. तू चौसष्ट आठशे होतीस. काकपुऱ्यांनी मला टॅक्सीपाशी सांगितलं."

मला वाटलं, ती चमकेल. तिने एक नेवरी मोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली.

"माहीत आहे."

"कसं? काकपुरे बोलले?"

फिलूने पर्स उघडली आणि ते पंचवीस पैशांचं नाणं टेबलावर ठेवलं. झिजून गुळगुळीत झालं होतं.

"मागच्या बाजूला एक स्क्रू होता. याच्याने बरोबर बसायचा. त्र्याऐंशी साली, हेबळेकर चहाला गेले होते तेव्हा. मला आधी चार किलो फिरवायचे होते, पण मग त्या बारक्या पोरींची वजनं इतकी उतरली असती की डॉक्टर बोलावले असते. म्हणून दोन."

"त्र्याऐंशी साली? पण तेव्हा तू तर..."

"बावन्न किलो. तेव्हा मला कुठे गरज होती."

मी अर्धी नेवरी ताटात परत ठेवली.

"मीनलच्या वेळी तुझ्या बायकोला सातवा महिना होता," फिलू म्हणाली. "तू दोनदा नापास. पहाटे बारा नमस्कार घालायचास, आणि प्रत्येक मुक्कामाला संध्याकाळी दोन प्लेट कांदाभजी. मी बघत होते ना. तळघरात गेला असतास तर बटणं मोजता मोजता मेला असतास. बटणांशी बोलून बोलून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू चार लोकांना सांगितलं असतंस. न सांगता तू काय केलंस? सगळ्या मुंबईतून एक माणूस धरून आणलास, तोही नेमका वजनमापे खात्यातला. मी तिथे दाराशी उभी. म्हटलं, हा आता मागच्या स्क्रूवरचे ओरखडे बघणार, विचारणार, आणि या गाढवाला वाटतंय की हा माझ्यावर उपकार करतोय."

"त्याने पाहिले होते ओरखडे," मी म्हणालो. मला आत्ता, अकरा वर्षांनी, टॅक्सीची काच खाली होताना दिसली. "त्याने विचारलं नाही."

"नाही विचारलं," फिलू म्हणाली. "त्याने आधी माझ्या हातातलं नाणं पाहिलं होतं."

तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "खा. आता कोण वजन करतंय." मग ते नाणं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. "आणि हे तुझं तू घेऊन जा. त्र्याऐंशीत त्या दिवशी पर्समध्ये काही सापडेना, म्हणून खोलीबाहेर टांगलेल्या तुझ्या कोटाच्या खिशातूनच काढलं होतं."

मी नाणं खिशात घातलं. पंचवीस पैशांचं नाणं अडीच ग्रॅमचं असतं असं काकपुरे म्हणाले होते, आणि वजनाच्या बाबतीत तो माणूस कधी चुकला नाही. पण वसईहून घरी येईपर्यंत मला ते तेवढंच आहे असं काही वाटलं नाही.